ढिलं हाय!

हिंगोली-नांदेड रस्ता कळमनुरीतून जातो, आणि त्या रस्त्याकाठच्या एखाद्या चहाच्या टपरीवर ताडपत्रीमामा बसलेले असतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव विचारायची वेळच येत नाही, कारण ओळख होण्याआधीच ते तुमच्या गाडीवर चढलेले असतात. असा एखादा गृहस्थ रस्त्यावरच्या प्रत्येक गावात असतो. आमच्याकडे महामार्ग आणि हळद दोन्ही असल्यामुळे त्याचं पीक जरा जोमदार येतं, इतकंच.

मामांकडे स्वतःचं वाहन म्हणाल तर एक सायकल. तिच्या कॅरिअरला सुतळीचा गुंडा, ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्या आणि नायलॉनच्या दोराचं वेटोळं कायम अडकवलेलं. ट्रक, पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टरची ट्रॉली, काहीही समोरून जाऊ द्या. ड्रायव्हर कोण, पासिंग कुठलं, माल कसला, यातलं काहीच मामांना दिसत नाही. दिसते ती फक्त वरची ताडपत्री. आणि ती ढिलीच असते.

"ढिलं हाय!"

चहा बशीत ओतलेला, बशी बाकावर तशीच, आणि मामा रस्त्यावर. हात असा वर करतात की ड्रायव्हरला वाटावं पुढं आरटीओ उभा आहे. गाडी पंजाबची असो नाहीतर तेलंगणाची, मामांची हिंदी एकच, आपली दखनी वळणाची. "ओ सरदारजी, तिरपाल उड री ना पीछू से!" सरदारजी शिवी द्यायला तोंड उघडतात, आरशात बघतात आणि तोंड मिटतात. कारण मामांचं बरोबर असतं. त्यांच्यातली सगळ्यात असह्य गोष्ट हीच. अर्धवट माहितीच्या शहाण्याला 'हो हो' म्हणून वाटेला लावता येतं. ज्याचं दर वेळी खरंच बरोबर असतं, त्याचं काय करायचं, यावर आमच्या गावाला अजून उपाय सापडलेला नाही.

मामांचं म्हणणं, ताडपत्री मालाच्या भारानं फाटत नाही, फडफडीनं फाटते. एक कोपरा सुटला की त्यात वारा शिरतो, पाल फुगते, आपटते, पुन्हा फुगते, आणि कडेचे पितळी डोळे एकेक करून उसवत जातात. त्यातच समोरून एखादा कंटेनर सुसाट गेला की त्याचा झोत उरलेलं काम उरकतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, हे मी शाळेत शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. मामांनी ते शाळेत शिकलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या पक्कं लक्षात आहे. "चाळीसच्या स्पीडला वारा पाहुणा असतो," ते ड्रायव्हरला सांगतात, "ऐंशीला जावई होतो. मग मागंल ते द्यावं लागतं."

दोन ताडपत्र्या टाकायच्या असतील तर मागची आधी, पुढची तिच्यावर. उलटं केलं की सांध्याचं तोंड थेट वाऱ्याकडं होतं. सुती दोर भिजला की आखडतो, नायलॉनचा भिजला की सैल पडतो. तेव्हा पावसाळ्यात नायलॉननं बांधणाऱ्यानं रस्त्यात दोनदा उतरायची तयारी ठेवावी. चपटा पट्टा असला तर त्याला एक पीळ देऊनच ताणायचा, नाहीतर तो वाटभर घोंघावतो आणि कडेनं झिजतो. आणि गाठ? प्रवासात सुटायची नाही, पण मुक्कामी एका झटक्यात सुटली पाहिजे. निरगाठ मारणाऱ्याला मामा माणसांत धरत नाहीत. "निरगाठ भित्र्याची," ते म्हणतात. स्वतः मारतात ती सुरगाठ, आणि तिचं एक टोक सोडायसाठी बाहेर ठेवतात. ते टोक कोणतं, हे मात्र त्यांनाच माहीत असतं.

या सगळ्याच्या शेवटी एक आज्ञा असते. "इथं बांधलंय, आता बाळापुरात उतरून बघायचं. चार खड्डे खाल्ले की माल बसतो, माल बसला की दोर ढिला पडतो. पुन्हा ताणायचं. मग वारंग्याची खिचडी." वारंगा फाट्याच्या खिचडीची कीर्ती एवढी, की आखाडा बाळापूर कधी मागं गेलं हे ड्रायव्हरांना कळतच नाही. मामांना ते माहीत आहे. म्हणून खिचडी हा विषय निघाला की त्यांचा चेहरा पडतो.

त्यांचे खरे दिवस हळदीचे. फेब्रुवारीपासून हळद निघायला लागते, मग शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि पोती भरून हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात न्यायची. एवढं सगळं होईस्तोवर एप्रिल उजाडतो आणि दुपारनंतर आभाळ काळं होतं. ज्याची वर्षाची कमाई त्या ट्रॉलीत असते, त्याला गाठीची थट्टा सुचत नाही. तो आपण होऊन टपरीसमोर ट्रॅक्टर उभा करतो. मामा वर चढतात, एक पाय पोत्यांच्या थप्पीला लावतात, दोर मनगटाला गुंडाळतात आणि पाठीमागं कलून ताणतात. खालून शेतकरी ओरडतो, "मामा, बस! पोतं फुटंल!" मामा आणखी एक हात ताणतात. वाळलेली हळद एकदा भिजली की तिचा रंग जातो, आणि रंग गेला की सौद्यात खरेदीदार ती मुठीत घेऊन कसं तोंड करतो, हे मामांनी पाहिलेलं आहे. त्या दिवसांत ते जास्त बोलत नाहीत. पैसेही घेत नाहीत. पैसे काढले की म्हणतात, "चहा सांग." त्यामुळे एप्रिलात मामांचं पित्त वाढतं.

लग्नसराईत मात्र लोक त्यांना टाळायला बघतात. आंदणाचं सामान पिकअपमध्ये चढवतात ती नवऱ्याची मित्रमंडळी, आणि ती मंडळी त्या दिवशी कोणत्याही दोरीच्या कामाची नसतात. खाली कपाट, त्यावर फ्रीज, सगळ्यात वर गादी, आणि गादीवर कुणाचं तरी उपरणं गुंडाळून मारलेली गाठ. हलकी आणि रुंद वस्तू वाऱ्याला फार आवडते. तेव्हा आत मंगलाष्टकं चाललेली असतात आणि मांडवामागं मामा पिकअपवर उभे राहून गादी आवळत असतात. वरमाय अक्षता घेऊन बोलवायला येते. "अहो मामा, चला, ताराबलं चाललंय." "आलो. एवढी एक गाठ." नवरीची पाठवणी होते, बाया डोळ्यांना पदर लावतात, मामाही गहिवरून पुढं होतात आणि नवऱ्या मुलाच्या कानात सांगतात, "बाळापुरात उतरून बघ."

कायदाही त्यांना नेमका तेवढाच पाठ आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं बाजूला, वर किंवा मागं मर्यादेबाहेर माल लादणाऱ्याला २०,००० रुपये दंड ठेवला, शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा. कडब्यानं चारी बाजूंनी फुगलेला टेम्पो दिसला की मामा हा आकडा खणखणीत आवाजात सांगतात. एका कडबेवाल्यानं शांतपणे उत्तर दिलं, "मामा, आख्ख्या टेम्पोला तेवढं कुणी देईना." मामांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि, दंडाचं जाऊ दे म्हणाले, निदान आवळू दे.

मामींचं मत वेगळं आहे, आणि ते विचारावं लागत नाही. लोणच्याच्या बरणीचा दादरा मामांनी बांधला की लोणचं पुढच्याच वर्षी दिसतं. पाहुण्यांना पोळ्यांचा डबा बांधून दिला तर ते घरी जाऊन कात्री शोधतात. घरावरच्या पत्र्यांवर मात्र चार धोंडे ठेवलेले आहेत, दोर नाही की हूक नाही. त्याबद्दल छेडलं तर मामा गंभीरपणे म्हणतात, "घर कुठं प्रवासाला चाललंय?"

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते कळमनुरीपर्यंत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण एका दुपारी नांदेडहून लोणारकडं निघालेली एक पांढरी फिरती घरगाडी टपरीसमोर थांबली. आत गॅस, बिछाना, बेसिन. उतरले ते पुण्याचं एक तरुण जोडपं. टपरीवरची पोरं आतलं बेसिन बघायला धावली. मामांचे डोळे मात्र गाडीच्या कुशीला लावलेल्या लांब नळकांड्यावर खिळले होते.

"हे काय हाय?"

"ऑनिंग आहे, काका. बटण दाबलं की छत बाहेर येतं. खाली खुर्च्या टाकून बसायचं."

"म्हणजे पाल."

"पालच. पण मोटरवर चालते. सेन्सर आहे, वारा जोराचा आला की आपोआप मिटते."

"उभ्या गाडीत," मामा म्हणाले. "आन् पळत्या गाडीत मिटलेली उघडली तर?"

मुलगा हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी नळकांड्यावर खालून वर हात फिरवला, मागच्या दांड्यापाशी थांबले आणि एका बोटानं खिटी हलवली. ती हलली. म्हणजे नीट बसलेलीच नव्हती. मुलगा हसायचा थांबला. मी मनात हिशेब केला. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद छत. ताशी ८० किलोमीटरला समोरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ३० किलोचा रेटा देतो. पूर्ण उघडून वाऱ्याच्या तोंडी आलं, तर सव्वादोनशे किलोच्या आसपास. दांडे तर गेलेच असते, वर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं काय झालं असतं कोण जाणे. हिशेब मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. मामांनी खिटी दाबून बसवली होती आणि सायकलीवरून सुतळी आणायला निघालेही होते.

"काका, नको, पेंटला घासेल," मुलगी कळवळून म्हणाली.

मामांनी सुतळीखाली ट्यूबच्या पट्ट्या घातल्या. पुढं एक, मधे एक, मागं एक. जगातल्या कुठल्या कारखान्यातून ते छत निघालं असेल देव जाणे, पण त्याच्या कंपनीनं ज्याची कल्पनाही केली नसेल असा सुतळीचा कमरपट्टा त्याला कळमनुरीत मिळाला. मग मामांनी न मागता आपला मोबाईल नंबर दिला आणि बाळापूर उलट्या बाजूला असल्यामुळे हिंगोलीत उतरून बघायला सांगितलं.

रात्री टपरी आवरायच्या वेळी मामांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. असले फोन ते सगळ्यांना ऐकवतात.

"काका, लोणारला पोचलो. ती सुतळी सुटत नाहीये. ओढलं की आणखी आवळतेय."

"दुसरं टोक."

"दुसरं कुठलं?"

"खाली दुमडून ठेवलेलं. ओढा. जोरात."

थोडा वेळ नुसती खुडबुड. मग मुलीचा आवाज, "अरे, सुटलं!"

टपरीवाल्यानं हात जोडले. मामांच्या चेहऱ्यावर मात्र समाधानाचं चिन्ह नव्हतं.

"सोडलंच हाय तर ऐका. पाल बाहेर काढली की पायांना खुंट्या ठोका. सरळ नको, तिरप्या ठोका. आन् झोपताना मिटवून घ्या, त्या सेन्सरवर जाऊ नका. हॅलो? खुंटीचं डोकं गाडीकडं नको, उलट्या बाजूला... हॅलो?"

पलीकडून फोन केव्हाच बंद झाला होता. मामांनी मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकला, टपरीवर झाकलेल्या निळ्या कापडाचा कोपरा चिमटीत धरून पाहिला, आणि टपरीवाला घाईघाईनं म्हणाला, "घट्ट हाय, मामा, घट्ट हाय!"