हंगामी यजमान

उदरनिर्वाहासाठी घर सोडणे ही काही आजची गोष्ट नव्हे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यावे, हा पेशवाईतील कित्येक पुणेकर घराण्यांचा वार्षिक क्रमच होता. आणि शत्रूच्या छावणीवर नजर ठेवून तंबूत बसलेला एखादा सरदारही, वाड्यातील विहिरीचा गाळ काढला की नाही, या विवंचनेत अर्धी रात्र तळमळत असेल, याविषयी माझी खात्री आहे. त्या मुलूखगिरीचा आजचा वारस म्हणजे मुंबईस हंगामी नेमणुकीवर असलेला पुण्याचा गृहस्थ. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी केवळ आठवड्याच्या अखेरीस धावत असे, हे कळल्यापासून ती गाडी याच वर्गाचे माप घेऊन बेतली होती असे मला वाटत आले आहे. पुढे गाडी रोजची झाली. गृहस्थ मात्र आठवड्याचेच राहिले.

आमचे अण्णा या वर्गाचे मुकुटमणी. सहा महिन्यांच्या हुकमावर ते मुंबईस रुजू झाले, आणि त्या हुकमास दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळत मिळत त्यांचा धाकटा चिरंजीव बालवाडीतून पाचवीत गेला. दर मुदतवाढीच्या वेळी ‘कौटुंबिक अडचणींमुळे पुण्यास परत नेमणूक व्हावी’ असा अर्ज अण्णा न चुकता करीत, आणि वरिष्ठ तो न चुकता दप्तरी दाखल करीत. मुंबईत अण्णा अत्यंत निरुपद्रवी प्राणी; दादरच्या खानावळीत पुढ्यात येईल ते मुकाट्याने जेवावे आणि खोलीतील इतर तिघे म्हणतील तेव्हा दिवा मालवावा. परंतु परतीच्या प्रवासात खडकी मागे पडली की त्यांच्या मुद्रेवर कर्तेपणाचे तेज चढू लागते, खिशातून एक वही बाहेर निघते, आणि घरातील संकल्पित कामांची यादी ते एखाद्या मामलेदाराने गावचे दप्तर तपासावे तशा गांभीर्याने वाचू लागतात.

या यादीतील पहिले कलम म्हणजे मंडई. घरची भाजी यजमानानेच आणली पाहिजे असा त्यांचा सिद्धान्त असल्यामुळे रविवारी सकाळी ते दोन पिशव्या घेऊन निघतात. १८८६ साली रे मार्केट या नावाने उभी राहिलेली ती दगडी वास्तू मधल्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती चहूकडे दालने पसरून बसलेली. नित्याच्या गिऱ्हाइकाला त्यातला कोपरान् कोपरा केवळ वासावरून ओळखू येतो, पण आठवड्याच्या पाहुण्याला सगळ्या दिशा सारख्याच. अण्णा आत शिरतात ते तुळशीबागेच्या अंगाने, आणि बाहेर पडतात ते बुरूड आळीच्या तोंडाशी; आणि मग तिथवर आलोच आहोत म्हणून एक सूप विकत घेतात. घरात सुपे किती साठली आहेत हे वहिनींनी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

भाजीवाल्या मावशींशी त्यांचा होणारा संवाद तर मी मुद्दाम मागे उभा राहून ऐकला आहे. 

‘‘मावशी, मेथी कशी?’’

‘‘काका, वहिनींनी कालच न्हेलीया की!’’

हा आपल्या अधिकारावरील हल्ला आहे हे ओळखून अण्णांनी तत्काळ दोन जुड्या उचलल्या, आणि भाव ऐकताच तितक्याच तत्परतेने उद्गारले, ‘‘दादरला याच्या निम्म्यात मिळते!’’

‘‘मग तिथनंच आणायची व्हती,’’ असे म्हणून मावशींनी तागडी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळवली. त्या सोमवारी आणि मंगळवारी शेजारच्या बिऱ्हाडांतूनही मेथीचाच वास येत होता.

एका ठिकाणी मात्र अण्णांची अनुपस्थिती हेच त्यांचे भांडवल ठरते. १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेल्या लोकमान्यांच्या पुतळ्याच्या आसपास ज्या निरुद्योगी विद्वानांची बैठक भरते, आणि जिला पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात, तिथे मुंबईहून आलेला माणूस म्हणजे साक्षात राज्यकारभाराच्या माजघरातून आलेला माणूस. कोणता मंत्री जाणार आणि कोणाची वर्णी लागणार, हे अण्णा तासभर अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्यास ते रात्री मंत्रिमंडळाच्या पंगतीस बसून सकाळी मंडईत आले असावेत असा भास व्हावा. उलट दादरच्या खोलीत, मी ऐकतो, ते पुण्याच्या राजकारणाचे एकमेव अधिकारी भाष्यकार समजले जातात.

घरी परतेपर्यंत अकरा वाजलेले असतात आणि यादीतील उरलेली कलमे आपोआप निकालात निघालेली असतात. गळका नळ मंगळवारीच दुरुस्त झाला. चिरंजीवांच्या प्रगतिपुस्तकावर ‘पालकांकरिता’ असे लिहून वहिनींनी गुरुवारी सही केली. भाचीच्या स्थळाकडची मंडळी येऊन, पोहे खाऊन, होकार कळवून गेली. परंतु वहिनी सुज्ञ आहेत. भिंतीतील एक हलणारी खुंटी, झाकण घट्ट बसलेली एक बरणी आणि किल्ली द्यावयाचे घड्याळ एवढी तीन कामे त्या अण्णांसाठी प्रत्येक रविवारी राखून ठेवतात; खुंटी तर, मला संशय आहे, शनिवारी कोणीतरी पुन्हा सैल करीत असावे. अण्णांचा थोरला संकल्प, म्हणजे पुस्तकांचे कपाट स्वहस्ते करण्याचा, मात्र कोणी हिरावून घेतलेला नाही. त्यासाठी आणलेल्या फळ्या सोप्यात उभ्या आहेत. उन्हाळ्यात त्यांवर आजी कुरडया वाळत घालतात, आणि एरवी चिरंजीवांचा त्रिफळा त्यांच्यावरच उडतो.

घरखर्चाच्या प्रत्येक बाबीस अण्णांची हरकत ठरलेली आणि दारावरील पाटी मात्र त्यांच्याच नावाची. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. ज्या जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या खर्चास विरोध केला, त्यांचेच नाव पुणेकरांनी पुढे मंडईला दिले. मग अण्णांच्या बाबतीत घरच्यांनी निराळा न्याय का लावावा? जोतीरावांची हरकत शाळांसाठी होती, अण्णांची बहुधा साबणाच्या वडीसाठी असते, इतकाच काय तो भेद.

गेल्या चैत्रात अनपेक्षितपणे अर्ज मंजूर झाला आणि अण्णा कायमचे पुण्यास आले. पहिला शनिवार आणि रविवार यथास्थित पार पडले. सोमवारी घरच्यांनी त्यांना डबा दिला. बुधवारी मात्र, संध्याकाळी सहा वाजता अण्णा दारात उभे राहिलेले पाहून आजींनी ‘‘अरे, आज शनिवार का?’’ असे विचारले, आणि घरातील पेचप्रसंगास प्रारंभ झाला. बुधवारी रात्री मुगाची खिचडी असते हे अण्णांना ठाऊक नव्हते. ती कोणाच्या परवानगीने असते हा त्यांचा प्रश्न होता. मुलांची अभ्यासाची वेळ, दूधवाल्याचा हिशेब, वहिनींचे गुरुवारचे भजनी मंडळ, या सर्व बाबी त्यांनी फेरविचारार्थ घेतल्या. खुंटी तर तीन दिवसांत इतकी घट्ट झाली की तिच्याबरोबर भिंतीचा गिलावा निघाला. मंडईतल्या विद्यापीठातही रोज दिसणाऱ्या माणसाला बातमी विचारण्याचे कोणास प्रयोजन उरले नाही.

आषाढात अण्णांनी वरिष्ठांकडे नवा अर्ज केला. मुंबईस, आणि ते शक्य नसल्यास नागपुरास, हंगामी नेमणूक मिळावी अशी त्यात विनंती होती. कारणाच्या रकान्यात, जुन्याच सवयीने, ‘कौटुंबिक अडचणी’ असे लिहिले होते. अर्जाचे शुद्धलेखन वहिनींनी तपासून दिले, आणि तो टपालात टाकायला चिरंजीव धावत गेले.