नाही म्हणायची सोय

खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत आला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ : दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे असूनही बँकेनंच नाकारला तर? त्याच १८८१ च्या कायद्याचं कलम ३१ म्हणतं, बँकेनं नुकसान भरून द्यावं. कैदेचं नाव नाही. सांभाळणाऱ्यालाच आत टाकलं तर आपले पैसे सांभाळणार कोण!

त्याहून भक्कम सोय बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ मध्ये आहे. पैसे काढण्यावर निर्बंध घालणारे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आले की नकार देणं हेच बँकेचं कर्तव्य ठरतं. आरटीजीएस असो की लेकीच्या लग्नाची ठेव, काउंटरवर उत्तर एकच : "वरून आदेश हायेत." उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेच्या ठेवीदारांना हे कलम वकिलांपेक्षा चांगलं पाठ झालं असणार. जानेवारी २०२१ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं. मर्यादा पाच लाखांची. टक्केवारी माणसांची असते, रुपयांची नाही, हे उरलेल्यांना कुणी समजावून सांगावं?

पुढे २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला. पावतीवर उस्मानाबाद आहे, म्हणून कुणी नव्यानं केवायसी मागितली नाही म्हणजे मिळवली.