तीन टनी घोडी

गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला गल्ली फक्त घोट्यापर्यंत दिसते. टाच झिजलेली कोल्हापुरी म्हणजे शेजारचे वकीलसाहेब, निळी स्लीपर म्हणजे दूधवाला, आणि नुसतेच पाय म्हणजे वकीलसाहेबांचा नातू. हे सगळे पाय थांबतात आणि बाहेर राहिलेल्या माझ्या दोन तळव्यांना सल्ला देऊन पुढे जातात. समोर तोंड नसलं की माणसं फार मोकळी बोलतात. "आता विकून टाका सर," हे माझ्या तोंडावर म्हणायची आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती. तळव्यांनी ते आठवड्यातून तीनदा ऐकलं.

गाडी म्हणजे मारुती 800. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि 2014 साली कारखान्यात बनायची बंद झाली, पण आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीला त्याची खबर नाही. सायलेन्सर धरून ठेवणारं रबर तुटलं होतं आणि तो रस्त्यावर घासत खणखणत होता. मी म्हटलं, एवढ्यासाठी गॅरेज कशाला? बाइंडिंगच्या तारेचे दोन वेढे दिले की झालं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. पास्कलचा नियम मी दरवर्षी इतक्या ठामपणे फळ्यावर लिहिला होता की बाटली जॅक मला घरचाच माणूस वाटायचा.

पहिला प्रयोग अंगणात केला. आमचं अंगण म्हणजे अस्सल काळी माती, त्यात आदल्या रात्री पाऊस झालेला. जॅक लावला, दांडा मारायला लागलो. पास्कल कुठेच चुकला नाही. फक्त गाडीला वर जाण्यापेक्षा जॅकला खाली जाणं सोपं पडलं. वीसेक दांडे मारून झाले तेव्हा जॅक निम्मा जमिनीत होता आणि गाडी होती तिथेच. आई ओसरीवरून म्हणाली, "बोअर घ्यायलास का रे?"

मग गाडी गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर घेतली. तो कुंडलिका नदीच्या बाजूला किंचित उतरता आहे, पण किंचितच. मागची बाजू उचलली, आसाखाली दोन्हीकडे विटा रचल्या आणि जॅक काढून घेतला.

इथे जरा थांबून लाज वाटून घेतो. जालना हे सळईचं गाव. एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवतात, रोलिंग मिलमधून सळई निघते, आणि तिच्यावर कुठल्या कुठल्या गावांचे स्लॅब उभे राहतात. अशा गावात राहून मी साडेसहाशे किलोची गाडी वकीलसाहेबांच्या बांधकामातून उरलेल्या विटांवर तोलली होती. भिंतीतल्या विटेला चारी बाजूंनी शेजार असतो म्हणून ती भार पेलते; एकटीवर लोखंडाची कड टेकली की ती तडकते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शिकवताना मी विटेचंच उदाहरण द्यायचो.

हँडब्रेक मात्र दोन्ही हातांनी ओढला होता. गोणपाटाची घडी उशाला घेतली आणि आत सरकलो. एक वेढा बसला, तेवढ्यात घरातून आवाज आला, "अहो, चहा निवतोय."

मी बाहेर आलो तो चहासाठी, यात माझं शहाणपण शून्य. कपाला तोंड लावतो न लावतो तोच आधी कोरडा काड्‌ असा आवाज आला आणि मागोमाग धप्प. जाऊन बघतो तर गाडी हातभर पुढे सरकून खाली बसली होती, विटांचा चुरा झाला होता, आणि गोणपाटाच्या घडीवर, माझ्या डोक्याने पडलेल्या खळग्यात, सायलेन्सर टेकला होता. बायको मागून येऊन बघत उभी राहिली. ती काही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही असे प्रसंग दोनच, आणि पहिला मी सांगणार नाही.

अंबड चौफुलीकडचा मिस्त्री माझाच विद्यार्थी. नववीत मी त्याला विज्ञानात 11 गुण दिले होते. त्याने आल्या आल्या त्यांची परतफेड सुरू केली.

"सर, हँडब्रेक कोणत्या चाकांला लागतो?"

"मागच्या."

"अन् मागची चाकं कुठं होती?"

"वर. हवेत."

"म्हंजी तुम्ही हवेला ब्रेक लावला."

मी म्हटलं, विटांचं चुकलंच, जॅक तसाच ठेवायला हवा होता. तो हसला. "सर, खिशात खडू असंल ना?" निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी होता. त्याने सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड लावून, माझ्याच जॅकवर गाडी उचलली आणि जॅकच्या चकचकीत दांड्यावर, नळीच्या तोंडाशी, बारीक रेघ मारली. "आता चहा घेऊ." दुसरा चहा झाला. येऊन बघतो तर रेघ गायब. गाडी आवाज न करता, सभ्यपणे, बोटभर खाली उतरली होती.

"म्हणजे पास्कल चुकला?"

"न्हाई सर. पास्कलच्या पुस्तकात वायसर नसतंय." आतलं रबर झिजलं की तेल हळूहळू परत पाझरतं, आणि कधी कधी हळूहळूही नाही. जॅक उचलायला, धरून ठेवायला घोडी.

आईला हे लगेच पटलं. मंठ्याकडच्या आमच्या गावी बैल सोडले की जुवाखाली लाकडाचा टेकू लावायचे, त्याला शिपाई म्हणत. "बैलाच्या भरवशावर तुझे आजोबा कधी गाडीखाली बसले का?" ती म्हणाली. आजोबा चौथी शिकलेले होते.

मग मी हार्डवेअरच्या दुकानांना फोन लावत बसलो. "घोडी आहे का? तीन टनी. हो, जोडीच पाहिजे." तिसऱ्या फोनला आई माळ जपता जपता थांबली. "तीन टनाची घोडी? नवरदेव हाय तरी केवढा?"

वकीलसाहेबांनी सुचवलं की सळईचे चार तुकडे डागून घ्या, गावात वेल्डरला काय तोटा? मिस्त्रीने कानावर हात ठेवले. तसं पाहिलं तर विकतच्या घोड्याही देव नसतात. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीला लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण दात्यांत अडकलेला खटका निसटू शकत होता. बदली दिलेल्यांपैकीही काही परत घ्याव्या लागल्या, त्यांचं वेल्डिंग कच्चं निघालं. म्हणून आम्ही आडवी पिन घालायची घोडी घेतली. पिन एकदा भोकातून आरपार गेली की गाडीची सगळी भिस्त खटक्याच्या मर्जीवर राहत नाही.

रविवारी मिस्त्रीच्या देखरेखीखाली माझं प्रात्यक्षिक झालं. सपाट सिमेंट, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये. उचलली, आसाखाली घोड्या सरकवल्या, पिना घातल्या, गाडी अलगद त्यांच्यावर बसवली, आणि जॅकही शेजारी नुसता टेकवून ठेवला. शिवाय स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवली. मग मिस्त्री म्हणाला, "आता ढकला. पडायची असंल तर सर आत जायच्या आधी पडू द्या." ज्यांनी ज्यांनी माझ्या तळव्यांना सल्ले दिले होते ते सगळे धावून आले. वकीलसाहेबांनी इतका जोर लावला की त्यांची कोल्हापुरी तुटली. गाडी हलली नाही. मी आत गेलो आणि तारेची भानगड न करता नवं रबर बसवून आलो.

खंडेनवमीला आईने माझी हत्यारं पाटावर मांडली. पाने, पक्कड, मिस्त्रीला दिलेला आणि त्याने परत केलेला खडूसुद्धा. दोन्ही घोड्यांना हळदकुंकू लावून झेंडूचं एकेक फूल वाहिलं. जॅक तसाच कोपऱ्यात होता. मी म्हटलं, "याला राहिलं की."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "ते मधीच खाली बसतंय."