जकाउल्लांचे वेड

मौलवी जकाउल्ला यांनी आयुष्य वेडेपणात घालवले, असे कोणी म्हटले तर मी ते नाकारणार नाही. त्या वेडाची मनापासून स्तुती करावी, एवढ्यासाठीच हा लेख.

त्यांचा जन्म १८३२ सालचा, दिल्लीचा. घराण्यात मुघल शाहजाद्यांना शिकवण्याची परंपरा होती. ती पुढे चालवली असती तरी मान कमी पडला नसता. पण मुलगा दिल्ली कॉलेजात गेला आणि गणिताच्या नादी लागला. मुळात गाजीउद्दीनचा मदरसा असलेल्या या कॉलेजात तेव्हा बीजगणित, भूमिती आणि पदार्थविज्ञान उर्दूतून शिकवत. प्राचार्य फेलिक्स बूत्रो यांच्या काळात तिथे भाषांतराची संस्थाच उभी राहिली होती. शिकवायला होते मास्टर रामचंद्र. कलनशास्त्राचा आधार न घेता, निव्वळ बीजगणिताने महत्तम आणि लघुतम मूल्ये काढण्याची रीत त्यांनी मांडली आणि १८५० साली कलकत्त्यात छापली. डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाला ती एवढी मोलाची वाटली की १८५९ मध्ये त्याने ते पुस्तक लंडनमध्ये पुन्हा काढले. असा गुरू भेटल्यावर शिष्य शहाणा कसा राहणार?

मग १८५७ आले. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले, प्राचार्य टेलर मारले गेले, रामचंद्र कसेबसे जीव वाचवून निसटले. दरबारच बुडाला, तेव्हा शाहजाद्यांना शिकवण्याचा प्रश्नही मिटला. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली. यापुढे पदवी, नोकरी आणि प्रतिष्ठा इंग्रजीच्याच दारातून मिळणार, हे कोणालाही दिसत होते. जकाउल्लांनाही दिसत होते. तरीही ते उर्दूत गणित लिहीत राहिले.

अंकगणित, बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती असे करत पुस्तके वाढत गेली. इतिहासाकडे वळले तर हिंदुस्थानचा इतिहासच दहा खंडांत लिहिला. एकूण पुस्तके दीडशेच्या आसपास भरतात. मला त्या आकड्याहून मोठी वाटते ती त्यामागची बैठक. एखादी सिद्धता स्वतः समजून घेणे वेगळे, आणि बुलंदशहर किंवा मुरादाबादच्या शाळेतल्या पोराला ती त्याच्या बोलीच्या ओघात उलगडेल अशी मांडणे वेगळे. त्या भागात शाळा तपासत ते फिरले होते. कोणासाठी लिहायचे ते त्यांना ठाऊक होते. पुढे अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात शिकवतानाही हात थांबला नाही.

शहाणपणाची बाजू सर सय्यद अहमद खान यांच्याकडे होती, आणि तीही प्रामाणिक होती. १८६४ मध्ये गाजीपूरला सायंटिफिक सोसायटी काढून युरोपीय ग्रंथ उर्दूत आणण्याचा घाट त्यांनीच घातला. देशी भाषेत शिकवणारे विद्यापीठ हवे, असा अर्जही १८६७ मध्ये सरकारकडे गेला. पण १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी आपले मत बदलल्याचे सांगून टाकले. हवे ते ज्ञान इंग्रजीत पुढे धावत असताना भाषांतराने ते गाठता येणार नाही, असे त्यांना वाटू लागले होते. हिशेब बरोबर होता. जकाउल्ला सर सय्यदांच्या अलीगढच्या कॉलेजचे हितचिंतक राहिले, त्यांचे स्नेही राहिले, पण आपला उर्दूचा हट्ट त्यांनी सोडला नाही. ज्या हिशेबात घरच्या भाषेत विचार करणारा मुलगा जमेलाच धरलेला नाही, तो बरोबर असूनही मला अपुरा वाटतो. म्हणून मी जकाउल्लांच्या बाजूला उभा आहे.

१९१० मध्ये ते गेले. त्यानंतर आठच वर्षांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. माध्यम उर्दू, आणि जोडीला पुस्तके उतरवून घेणारे खास भाषांतर खाते. त्या खात्याची घडी बसवणारे मौलवी अब्दुल हक आपल्या औरंगाबादेत राहून उर्दूचे काम करत, आणि दिल्ली कॉलेजचा इतिहासही त्यांनीच लिहिला. वेड वाया गेले नव्हते.

मात्र उस्मानियात शिकायला त्याच हैदराबाद राज्यातल्या मराठवाड्यातली मुलेही जात. परभणी-नांदेडच्या ज्या मुलाच्या घरात मराठी होती, त्याला पदार्थविज्ञान उर्दूतून शिकावे लागणे हे दिल्लीच्या मुलाने ते इंग्रजीतून शिकण्यासारखेच होते. उर्दूसाठी राज्याने खजिना उघडला, हे फार चांगले केले. जकाउल्लांचे वेड पुरतेपणी घेतले असते, तर तोच खजिना मराठी, तेलुगू आणि कन्नडसाठीही उघडावा लागला असता.