थोडं थांबूया

इंग्रज माणूस निवृत्तीला आला की त्याला स्पेनचं ऊन दिसू लागतं. घर घ्यायचं ते अलिकांतेच्या बाजूला, खिडकीतून समुद्र दिसेल असं. प्रश्न एकच: कधी?

२००७ साली पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळत होते, पण घरं महाग. साहेब थांबले. मग तिथला बांधकामाचा फुगा फुटला, घरं उतरली. पण २००८ च्या डिसेंबरात पौंडही घसरत जवळजवळ युरोच्या बरोबरीला आला. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात पडले. पुन्हा थांबले. २०१५ मध्ये पौंड सावरला. ‘एवढं ब्रेक्झिटचं सार्वमत होऊन जाऊ दे,’ साहेब म्हणाले. झालं. पौंड रातोरात कोसळला. (साहेबांनी स्वतः मत दिलं होतं ते बाहेर पडण्याच्याच बाजूने, पण तो विषय घरात काढायचा नाही.) २०२१ पासून व्हिसा नसेल तर १८० दिवसांत ९० दिवसच मुक्काम. पाच लाख युरोंचं घर घेऊन निवासाचा परवाना मिळवायची वाटही स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बुजवली. त्याच वर्षी जानेवारीत पंतप्रधान सांचेझ यांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर शंभर टक्क्यांपर्यंत कराची कल्पना मांडली.

‘कराचं काय ते ठरू दे,’ असं साहेबांचं सध्याचं मत.

दरम्यान बाईसाहेबांचे गुडघे गेले. त्यांनी इंग्लंडातल्याच डेव्हनमध्ये तळमजल्यावरचं एक घर बघितलं आणि साहेबांना न विचारता विसार देऊन आल्या.