सिबिलच्या लेखी मी

सिबिलचा आकडा ३०० पासून सुरू होतो आणि ९०० ला संपतो. म्हणजे ज्याने गाडीचे हप्ते थकवले, वसुलीवाला दिसताच मागच्या जिन्याने पोबारा केला, त्यालाही तीनशेच्या वर काहीतरी मिळतंच. ज्याने उभ्या जन्मात कुणाचं कर्ज घेतलं नाही, त्याच्या नावापुढे मात्र आकडाच नसतो. तिथे 'एनएच' लिहितात, म्हणजे नो हिस्टरी. नाहीतर वजा एक दाखवतात. मला वजा एक मिळाला. गणितात मी कच्चीच होते, पण शाळेत निदान शून्यावर तरी थांबत असे.

घरात कर्ज नव्हतं असं नाही. घराचं कर्ज होतं, पण ते यांच्या नावावर. विजेचं बिल यांच्या नावावर, गॅसही यांच्याच नावावर. रांगेत मी उभी राहायची, पावत्या मी जपायच्या, तारीख मी लक्षात ठेवायची आणि नाव यांचं. यांच्या क्रेडिट कार्डावर मला एक जोडकार्डही मिळालं होतं. ते माझ्या पर्समध्ये असे, वापरत मी असे, पण त्याची नोंद मूळ कार्डवाल्याकडे होते. थोडक्यात, खर्च मी केला आणि पत यांची वाढली. यांना हे सांगितलं तेव्हा यांनी पेपर खाली न घेताच "असं होय!" म्हटलं.

मला स्वतःच्या नावाचं कार्ड हवं होतं ते हौसेसाठी नव्हे. मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. डाळी, तूप, वेलदोडे, सुकं खोबरं सगळं आधी भरावं लागतं आणि गिऱ्हाइकांचे पैसे येतात ते भाऊबीज उलटल्यावर. कार्डावर पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात हे कळल्यावर वाटलं, हे कुणीतरी चकली डोळ्यांसमोर ठेवूनच काढलेलं दिसतंय.

बँकेतला मुलगा गुणी होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पॅन कार्ड घेतलं, बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि घरातलं माणूस अत्यवस्थ असल्यासारख्या आवाजात म्हणाला, "काकू, तुमचा सिबिल येत नाहीये."

"मग काय करायचं?"

"आधी एखादं छोटं कर्ज घेतलं असतंत तर बरं झालं असतं."

"मग द्या ना एखादं छोटं कर्ज."

"त्याला सिबिल लागतो, काकू."

केवळ आधीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही त्याची आठवण करून दिली. मी पेपरातलं कात्रणच नेलं होतं. मुलाने ते आदराने वाचलं. पण संगणक लोकसभेचं कामकाज पाहत नसावा.

आता सिबिल ही संस्था २००० सालची. आमची भिशी तिच्याहून वयाने मोठी. बारा जणी, लाल पुठ्ठ्याची वही आणि चिठ्ठ्यांसाठी स्टीलचा डबा. तो मूळचा साखरेचा, म्हणून चिठ्ठ्या जरा चिकट. इमारतीतलं सगळ्यात लहान पोर बोलावून त्याच्या हाताने चिठ्ठी काढायची, म्हणजे कुणाला शंका नको. ज्या बाईचा नंबर पहिला लागतो तिला सगळी रक्कम एकदम मिळते आणि पुढचे अकरा महिने ती नुसती भरत राहते. तिने भरलं नाही तर? कागद नाही, जामीन नाही, व्याज नाही. तरीही आमच्या भिशीत पैसा बुडाला नाही. कारण कोण कशी आहे हे आम्हाला ठाऊक असायचं. कोण भाजी घेताना कडीपत्ता फुकट मागते, कोण उसनी वाटीभर साखर नेऊन शिगोशीग वाटी परत करते, कुणाच्या नवऱ्याला लॉटरीचा नाद आहे. ही माहिती सिबिलसारखी ठरावीक दिवसांनी नव्हे, रोज संध्याकाळी अद्ययावत होत असे.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या यजमानांची गिरणी बंद पडली. त्या वर्षी पोराने पहिली चिठ्ठी काढली ती नेमकी त्यांची. आता सांगायला हरकत नाही, त्या डब्यातल्या बाराही चिठ्ठ्यांवर त्यांचंच नाव होतं. कुठल्याही बँकेने त्या महिन्यात त्यांना दारात उभं केलं नसतं. वहिनींनी शेवटचा हप्ता दिला तो ओटीत नारळ घालून.

यातलं काहीच संगणकाला सांगता येत नाही. पण मुलाने शेवटी वाट काढली. "काकू, एफडी करा पंचवीस हजारांची. त्यावर कार्ड मिळेल. उत्पन्नाचा दाखला नको, सिबिल नको." लिमिट वीस हजार. एफडीला व्याज चालू राहणार, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येणार नाही. म्हणजे माझेच पैसे मी बँकेकडे गहाण ठेवायचे, बँकेने त्यातलेच मला उधार द्यायचे आणि मी ते वेळेवर फेडते की नाही यावर लक्ष ठेवायचं. कानामागून घास घ्यायचा झाला, पण पोटात गेल्याशी मतलब.

अमेरिकेत गेलेल्या माझ्या भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसला. इथला त्याचा सिबिल उत्तम, पण तिथे उतरल्यावर तो कुणी विचारला नाही. त्यालाही अनामत भरूनच पहिलं कार्ड मिळालं होतं.

कार्ड आलं आणि मी पहिल्याच संध्याकाळी रव्या-मैद्याचे पैसे त्यावर दिले. घरी येऊन चहा टाकायच्या आधी ते फेडूनही टाकले. देणं अंगावर ठेवून झोप लागत नाही. बँकेतल्या मुलाला कौतुकाने कळवलं तर त्याने कपाळाला हात लावला. "काकू, निदान बिल तरी येऊ द्या!" बिल येऊ द्यायचं, मग मुदतीच्या आत पूर्ण भरायचं. 'किमान देय' म्हणून जी लहानशी गोजिरवाणी रक्कम छापलेली असते तिच्याकडे बघायचंही नाही. तेवढीच भरली तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज लागतं. आणि लिमिट वीस हजार असलं तरी तीस टक्क्यांच्या, म्हणजे सहा हजारांच्या आतच राहायचं, नाहीतर ही बाई पैशाला हपापलेली आहे असा समज होतो. तुपाचा पंधरा किलोचा एक डबा घेतला तरी ही रेघ ओलांडली जाते. त्यामुळे माझी दिवाळी अजून रोखीतच चालते आणि पत तेवढी कार्डावर वाढते.

पण वाढली खरी. सहा-सात महिन्यांनी अहवाल काढून पाहिला (वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, फुकट म्हटल्यावर मी बघणारच), तर सातशेच्या पुढचा आकडा. यांच्यापेक्षा थोडा जास्तच. यांनी या वेळी पेपर खाली घेतला.

तेव्हापासून फोन सुरू झाले. परवा ऐन दुपारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अभिनंदन, तुम्हाला पाच लाखांचं पर्सनल लोन मंजूर झालंय." मी म्हटलं, मी मागितलंच नव्हतं. तर म्हणाली, न मागताच झालंय, तुमचा सिबिल इतका छान आहे. आवाज आमच्या इमारतीतल्या पोरींसारखा वाटला, म्हणून विचारलं, तू घेतलंस का गं कार्ड?

"मला नाही देत, मॅडम. माझा सिबिलच येत नाही."

मग मी तिला एफडीचं सगळं नीट समजावून सांगितलं. बिल येऊ द्यायचं, किमान देयकडे बघायचं नाही, तीस टक्के. मागून तिचा साहेब काहीतरी ओरडत होता. ती हळूच म्हणाली, "काकू, एक मिनिट हं, लिहून घेते. पंचवीसच्या ऐवजी दहा हजारांची एफडी चालते का?"