‘काळजी करू नको’ हा पर्याय चूक

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ति. आई-बाबांना सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. भडंगाची एक पिशवी तुमच्या जावयांनी मॅच बघता बघता एकट्यानं संपवली. दुसरी मी फार्माकॉलॉजीच्या पुस्तकांमागे लपवली आहे. या घरात तिकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही. मेतकूट सुखरूप. गोड्या मसाल्याची पुडी मात्र फुटली आणि तू विणलेल्या स्वेटरला आमटीचा वास लागलाय. तो मी धुणार नाहीये, आधीच सांगते.

कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आहेत तोवर तुझ्या फोनचं बघू. लेलेकाकूंच्या भाचीचा कॉम्प्युटर परीक्षेत मधेच बंद झाला म्हणजे तिला हाकललं नाही गं! ही एनक्लेक्स, म्हणजे इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, असतेच तशी. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जास्त अवघड, चुकलं की जरा सोपा. बाई या पार की त्या पार, याची मशीनला 95 टक्के खात्री पटली की ते दुकान बंद करतं, मग प्रश्न 85वा असो नाहीतर 112वा. आणि पास की नापास, ते तिथे सांगत नाहीत. त्यामुळे मधेच एखादा सोपा प्रश्न आला की पोटात गोळाच येतो. बाबा, तुमचं ‘आधी सोपे सोडवा, अवघड मागाहून’ इथे चालत नाही. एकदा पुढे गेलं की मागचा प्रश्न पुन्हा दिसत नाही. लेलेकाकूंना यातलं काही सांगू नकोस हवं तर. एवढ्या चवीनं सांगत होत्या, कशाला विरस करायचा?

आता नावाचं रामायण. माझ्या नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर नाव माहेरचं, मधे बाबा. पासपोर्टवर सासरचं, मधे जावई. परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर परत पाठवतात आणि फीही जाते. फी 200 डॉलर! सतरा-अठरा हजार रुपये, आणि ही नुसती परीक्षेची. कागदपत्रं तपासायचे वेगळे, लायसन्सच्या अर्जाचे वेगळे, सराव प्रश्नांचे वेगळे. नापास झालं की 45 दिवस थांबा आणि पुन्हा 200 ठेवा. तर त्या नावासाठी फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात विचारते, “दत्तात्रय हे तुमचंच पूर्वीचं नाव ना?” मी म्हटलं, नाही, ते माझे वडील. “मग आता तुमचे वडील बदलले का?” आई, त्यापुढे तिला लग्नात तांदळात लिहिलेल्या नावाचं सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी मॅरेज सर्टिफिकेट धाडून दिलं. बाबांनी कॉलेजच्या क्लार्कपुढे हेलपाटे घालून मार्कांचे कागद थेट इकडे पाठवायला लावले, ते नसते तर मी अजून पहिल्याच पायरीवर असते. मी मिरजेत इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या, पण इथे लायसन्सशिवाय मला कुणाची नाडीही बघता येत नाही.

कुकर झाला. वरण घोटून आले.

प्रश्न कसे असतात, बंड्यानं विचारलं होतं. चार पेशंट देतात आणि विचारतात, आधी कुणाकडे जाल? एक कळ सोसवत नाही म्हणून ओरडतोय, एकीला घरी जायची घाई, एकाचं सलाईन संपत आलंय, आणि चौथा सकाळपासून गप्प आहे, जरा गोंधळल्यासारखा. आपल्याकडे ज्याचे नातेवाईक जास्त आरडाओरडा करतील त्याच्याकडे आधी जायचं, हा नियम. इथे उत्तर चौथा. जो ओरडतोय त्याचा श्वास तरी चालू आहे.

दुसरा प्रकार बोलण्याचा. पेशंट म्हणतो, मला ऑपरेशनची भीती वाटते. पर्यायात ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ दिसलं की डोळे मिटून काट मारायची. खोटा धीर देणं चूक. ‘असं का वाटतं तुम्हाला?’ हेही चूक. बरोबर काय, तर ‘भीती वाटतेय म्हणता, त्याबद्दल आणखी सांगा.’ नंदाआत्याच्या गच्चीवरच्या टाकीच्या भांडणात हे वापरून बघा. ती म्हणेल, “वहिनींनी मुद्दाम वॉल्व बंद केला.” आपण म्हणायचं, “तुम्हाला राग आलाय असं दिसतंय.” मग पाऊण तास मोकळा ठेवा.

परवा रात्री पोरगा झोपल्यावर प्रश्न सोडवत बसले होते. आला: ब्लडप्रेशरवर टेल्मिसार्टन घेणारे गृहस्थ, कमी सोडियमचं मीठ वापरतात, नर्सनं काय सांगावं? त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. या गोळ्यांनी आधीच पोटॅशियम अंगात साठतं, त्यात हे मीठ. प्रमाण वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. उत्तर मला पाठ आहे. पण पडद्यावरचे गृहस्थ मला थेट आपल्या ओट्याशी दिसायला लागले, बंड्यानं कौतुकानं आणलेला तो निळा डबा हातात घेऊन. तुम्हाला तिथल्या तिथे फोन लावला. तू म्हणालीस, “बाबा मस्त आहेत गं, काळजी करू नको, तू अभ्यास कर.” आई, तो पर्याय चूक. बाबांना चक्कर आली होती हे मला नंदाआत्याकडून कळलं, तेही टाकीचं सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता. गेला महिनाभर फोनवर टाकी, बंड्याची नापसंत स्थळं, मोलकरणीचं गावी जाणं, सगळ्यांचे आवाज येतायत. बाबांचा येत नाही. मी इथे चौथा पेशंट ओळखायला शिकतेय आणि तुम्ही त्यालाच माझ्यापासून लपवताय.

तेव्हा उद्याच डॉक्टरांकडे जा. मिठाचा डबा सोबत न्या. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का, हे विचारा. पोटॅशियम 3.5 ते 5 मध्ये हवं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या मात्र बंद करू नका. बाबा, “मला काही होत नाही” हे ऐकून घ्यायला मी तिथे नाही, म्हणून रिपोर्टचा फोटो काढून पाठवा. ‘नॉर्मल आहे’ असं लिहू नका, मला आकडा हवाय.

ड्रायर केव्हाचा कोकलतोय. जावई म्हणतात, पुढच्या पार्सलात भडंगाच्या तीन पिशव्या. मी म्हणते चार, दोन माझ्या नावावर. माझं नाव नीट लिहा, मधे कुणाला घालायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
ताई

ता. क. बंड्या, शनिवारी मुलगी बघायला जाशील तेव्हा ‘का’नं सुरू होणारा एकही प्रश्न विचारू नकोस. आणि तिनं काही विचारलं तर खरं सांग, म्हणजे मागच्या वेळसारखं पोह्यांवर बोलणं संपणार नाही.